चोवीस व्होल्टचा वारसा : जुन्या लष्करी गाडीला चार्जर कोणता?

तीन जुन्या लष्करी गाड्या एका ओळीत उभ्या आहेत अशी कल्पना करू. पहिली दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, दुसरी १९५० साली आलेली अमेरिकन एम-३८ जीप आणि तिसरी ब्रिटिश लष्करातून निवृत्त झालेली लँड रोव्हर. तिन्ही चालू स्थितीत आहेत, पण वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर निघतात. एरवी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या असतात. अशा गाड्यांच्या बॅटऱ्या हमखास उतरतात आणि मग मालक चार्जर घ्यायला बाजारात जातो. तिन्ही गाड्यांना मिळून एकच चार्जर चालेल का?

नाही चालणार. पहिलीला ६ व्होल्टचा चार्जर लागेल, दुसरीला २४ व्होल्टचा. आणि तिसरीला १२ की २४, हे बॅटऱ्या प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगताच येणार नाही. शिवाय व्होल्टचा आकडा जुळला म्हणजे काम संपले असेही नाही. त्याच आकड्याचा एक चार्जर बॅटरीला वर्षानुवर्षे जपतो, तर दुसरा तिला काही आठवड्यांत कोरडी करून टाकतो.

असे का होते, याचे उत्तर चार्जरच्या खोक्यावर छापलेले नसते. ते बॅटरीच्या आणि लष्करी गाड्यांच्या इतिहासात आहे. हा इतिहास इथे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. विद्युतशक्तीचे सूत्र, एकसर जोडणी आणि विद्युत अपघटन हे तीन धडे आपण वर्गात वेगवेगळे शिकवतो. जुन्या जीपच्या बॅटरीच्या पेटीत हे तिन्ही धडे एकत्र भेटतात.

बॅटरी आधी, वीज नंतर

पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या पट्ट्या, सगळ्याची गुंडाळी आणि ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेली, इतकीच तिची रचना. पुढच्याच वर्षी त्याने असे नऊ घट जोडलेली बॅटरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली.

आता गंमत पाहा. त्या काळी विजेचे कारखाने नव्हते आणि वापरण्याजोगा डायनॅमोही नव्हता. मग ही बॅटरी चार्ज कशाने करायची? दुसऱ्या बॅटरीने! जस्त वापरणारे घट जोडून प्लांते आपले शिशाचे घट भारत असे. पत्र्यांवर पुरेसा सच्छिद्र थर तयार व्हावा म्हणून चार्ज-डिस्चार्जचा हा खेळ आठवडेच्या आठवडे चालवावा लागे. त्यामुळे सुमारे वीस वर्षे ही बॅटरी प्रयोगशाळेतले नवल म्हणूनच राहिली. १८७०च्या दशकात चांगले डायनॅमो आले आणि १८८१च्या सुमारास कामीय फोर याने पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लगदा थापण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे ती कारखान्यात शिरली. म्हणजे चार्जर नव्हता म्हणून बॅटरीला थांबावे लागले होते.

बॅटरीच्या पोटात काय घडते, हे ग्लॅडस्टन आणि ट्राइब या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ साली मांडले. चार्ज झालेल्या बॅटरीत एका पट्टीवर सच्छिद्र शिसे असते, तर दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड. बॅटरी वापरली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना हीच क्रिया उलट होते. सल्फेट विरघळते आणि आम्ल पुन्हा दाट होते. म्हणून आम्लाची सापेक्ष घनता मोजली की बॅटरी किती भरली आहे ते कळते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १.२६ ते १.२८च्या आसपास असते, तर पूर्ण उतरलेल्या बॅटरीत १.१ च्या आसपास उतरते. गॅरेजमधला बॅटरीवाला रबरी फुगा दाबून हायड्रोमीटरमध्ये आम्ल ओढतो तो यासाठीच.

चार्जरच्या आधीचा चार्जर : माणूस

सुरुवातीच्या काळात चार्जिंग ही माणसाने करायची गोष्ट होती. डायनॅमो फिरे, त्याच्या तारा बॅटऱ्यांना जोडलेल्या असत आणि एक जाणता माणूस त्यांच्यामधून फेऱ्या मारत असे. सुरुवातीला तो भरपूर धारा सोडी. घटाचे विभवांतर वाढत २.४ व्होल्टच्या आसपास आले की पट्ट्यांपाशी बुडबुडे फुटू लागत. याचा अर्थ असा, की आता बरीचशी वीज सल्फेट फोडण्याऐवजी पाणी फोडण्यात जाऊ लागली. मग तो माणूस धारा कमी करी. घनता वाढायची थांबली की तो चार्जिंग बंद करी.

या कामगारांचा एक सोपा नियम होता. बॅटरीतून जितके अँपिअर-तास खर्च झाले असतील, त्या आकड्यापेक्षा जास्त अँपिअरची धारा सोडायची नाही. ६० अँपिअर-तास खर्च झाले असतील तर सुरुवातीला ६० अँपिअरपर्यंत चालेल. भरता भरता २० अँपिअर-तासच उरले, की धाराही २० अँपिअरच्या आत आणायची. म्हणजे बॅटरीची भूक जशी कमी होईल तसे वाढणे कमी करायचे.

पुढे शहरांत उलटसुलट दिशेने वाहणारी एसी वीज आली आणि नवी अडचण उभी राहिली. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी डीसी धारा लागते. १९०२ साली पीटर कूपर हेविट या अमेरिकन संशोधकाने पाऱ्याच्या बाष्पाचा एकदिशकारक बनवला. त्यानंतर तापलेली तार आणि आरगॉन वायू असलेले दिवे आले, १९३०च्या दशकात सेलेनियमच्या चकत्या आल्या आणि १९५०च्या दशकापासून सिलिकॉनचे डायोड. प्रत्येक टप्प्यावर पेटी लहान, स्वस्त आणि टिकाऊ होत गेली. ट्रान्सफॉर्मर आणि एकदिशकारक एवढाच ऐवज असलेली ही पेटी मग गॅरेजात पोहोचली, पुढे घरातही आली.

पण या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली. पेटी आली आणि फेऱ्या मारणारा माणूस गेला. त्याचे हात पेटीने घेतले, त्याचे डोळे मात्र घेतले नाहीत. बॅटरी भरली आहे की नाही हे त्या साध्या पेटीला कळत नाही. बॅटरीचे विभवांतर वाढल्यामुळे धारा थोडी मंदावते इतकेच. ती शून्यावर येत नाही. चार्जरच्या निवडीतला निम्मा प्रश्न या एका गोष्टीत आहे.

गाडीत बॅटरी आली

पेट्रोलच्या गाड्या आधी हँडल मारून सुरू करत. उलट्या झटक्याने हात मोडत. चार्ल्स केटरिंग याने विजेचा स्टार्टर, म्हणजे आपला 'सेल्फ', तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. त्याची जोडणी मजेशीर होती. इंजिन सुरू करताना घट एकसर जोडले जाऊन २४ व्होल्ट मिळत, तर दिव्यांसाठी आणि चार्जिंगसाठी तेच घट ६ व्होल्टवर चालत. म्हणजे ६ की २४ हा प्रश्न पहिल्या सेल्फइतकाच जुना आहे. पुढे नागरी गाड्यांत स्वस्त आणि सोपी म्हणून ६ व्होल्टची पद्धत रुळली.

इंजिन चालू असताना गाडीतला डायनॅमो बॅटरी भरतो. सुरुवातीच्या डायनॅमोंना बॅटरी भरली आहे याची जाणीव नसे. लांबच्या प्रवासात बॅटरी उकळू नये म्हणून काही चालक भर दिवसा दिवे लावून गाडी चालवत! नंतर विभवांतर बघून धारा कमी-जास्त करणारा, थरथरणाऱ्या संपर्कांचा रेग्युलेटर आला. आपल्याकडचे मेकॅनिक त्या डबीला सर्रास 'कटआउट' म्हणत आले. महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ६ व्होल्टची एक बॅटरी, ६ व्होल्टचा डायनॅमो आणि अशी एक डबी होती.

सहाचे चोवीस कसे झाले?

महायुद्धात अमेरिकन लष्कराकडे विजेच्या बाबतीत खिचडीच होती. जीप आणि अडीच टनी जीएमसी ट्रक ६ व्होल्टचे, हाफ-ट्रॅक गाड्या १२ व्होल्टच्या, तर शर्मन रणगाडा २४ व्होल्टचा. वायरलेस संच तोच असला तरी त्याला वीज पुरवणारा भाग १२ व्होल्टच्या गाडीसाठी वेगळा आणि २४ व्होल्टच्या गाडीसाठी वेगळा ठेवावा लागे. एका गाडीची बॅटरी उतरली तर शेजारच्या गाडीची मदत मिळेलच असे नसे.

आता थोडे गणित करू. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. समजा, थंडीत इंजिन फिरवायला स्टार्टरला १५०० वॅट लागतात. ६ व्होल्टला त्यासाठी २५० अँपिअर धारा हवी. २४ व्होल्टला सुमारे ६२ अँपिअर पुरते. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा चौथाई झाली की त्याच तारेतला अपव्यय सोळाव्या हिश्शावर येतो. मोठी इंजिने, वायरलेस संच, रणगाड्याचा फिरता बुरूज अशी विजेची मागणी वाढत गेली, तसे २४ व्होल्ट सोयीचे ठरले.

शर्मन रणगाड्याची एक गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. दबा धरून बसलेल्या रणगाड्याला मुख्य इंजिन बंद ठेवावे लागे, पण वायरलेस तर चालूच हवा. बॅटऱ्या उतरल्या तर इंजिनही सुरू होणार नाही आणि बोलणेही बंद. म्हणून रणगाड्याच्या आतच एक छोटे पेट्रोल इंजिन आणि त्याला जोडलेले ३० व्होल्ट, १५०० वॅटचे जनित्र बसवलेले असे. सैनिक त्याला लाडाने 'लिटल जो' म्हणत. लढाऊ गाडीच्या आत बसवलेला चार्जरच तो! शर्मन रणगाडे आपल्याही लष्करात होते. १९६५च्या युद्धात खेमकरण भागात ते लढले.

युद्धानंतर अमेरिकन लष्कराने चाकांच्या गाड्यांसाठीही २४ व्होल्टची पद्धत स्वीकारली. १९५० साली आलेली एम-३८ जीप दिसायला जुन्या जीपसारखीच होती, पण तिच्यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या होत्या आणि विजेचे सारे भाग पाण्यापासून सुरक्षित केलेले होते. पुढे नाटोच्या देशांत २४ व्होल्ट हा लष्करी गाड्यांचा प्रमाण आकडा झाला. एका गाडीतून दुसरीला वीज देण्यासाठी सर्वांचे सॉकेटही एकसारखे ठरले. जुन्या लष्करी गाडीच्या माहितीपुस्तकात '२८ व्होल्ट' असा आकडा दिसला तर गोंधळायचे कारण नाही. बॅटरीचे नाव २४, आणि इंजिन चालू असताना तिला भरणारे विभवांतर सुमारे २८.

ब्रिटिश लँड रोव्हरच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. साध्या कामाच्या लष्करी लँड रोव्हर १२ व्होल्टच्या, तर वायरलेससाठी सज्ज केलेल्या २४ व्होल्टच्या. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी तीच! त्यात अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. म्हणून चार्जर घेण्याआधीचे पहिले काम म्हणजे बॅटऱ्या मोजणे, त्यांची जोडणी बोटाने माग काढत पाहणे आणि कोणते टोक सांगाड्याला गेले आहे ते नोंदवून ठेवणे. मध्यंतरी कोणा मालकाने गाडी १२ व्होल्टवर आणलीही असेल. तेव्हा गाडीच्या नावावर जाऊ नये, बॅटरी पाहावी.

सरासरी फसवते

२४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या एकसर असतात आणि २४ व्होल्टचा चार्जर त्या दोहोंच्या बाहेरच्या टोकांना जोडतात. दोन्हींतून धारा एकच वाहते. चार्जरला दिसते ती मात्र फक्त बेरीज. समजा त्याने २८.८ व्होल्ट गाठले. याचा अर्थ प्रत्येकी १४.४ असा असेलच असे नाही. एक बॅटरी १५.२ वर आणि दुसरी १३.६ वर असली तरी बेरीज तीच येते. पहिली उकळते आहे, दुसरी अर्धपोटी आहे आणि चार्जरचा हिरवा दिवा लागला आहे!

दोन विद्यार्थ्यांना ९० आणि २० गुण पडले तर वर्गाची सरासरी ५५ येते आणि सगळे ठीक चालले आहे असे वाटते. शिक्षकांना ही फसगत वेगळी सांगायला नको.

असा असमतोल येतो कसा? एक बॅटरी नवी आणि दुसरी जुनी घातली की येतो. दुसरे कारण अधिक नेहमीचे आहे. मालकाला गाडीत १२ व्होल्टचा टेप किंवा पंखा लावायचा असतो आणि तो सरळ दोनपैकी एकाच बॅटरीवर तारा जोडतो. ती बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जर मात्र दोन्हींना सारखेच भरतो. काही महिन्यांत जास्त वापरली गेलेली सल्फेटने आणि न वापरलेली अति-चार्जिंगने, अशा दोन्ही वाया जातात. म्हणून बॅटऱ्या जोडीनेच बदलाव्यात आणि १२ व्होल्टचे उपकरण लावायचेच तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर वापरावा.

उपाय म्हणून दोन बॅटऱ्यांना १२ व्होल्टचे दोन स्वतंत्र चार्जर लावता येतात. त्या दोन चार्जरांची डीसी बाजू मुख्य विजेपासून आणि एकमेकांपासून पूर्ण अलग असेल तर बॅटऱ्या गाडीतच राहू देऊनही हे चालते. तशी खात्री नसेल तर दोन बॅटऱ्यांमधली जोडपट्टी काढून मगच चार्जर लावावेत.

उभ्या गाडीचे दोन आजार

चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीची बॅटरी लवकर मरते. काही न करताही बॅटरी हळूहळू स्वतःच उतरत जाते आणि उन्हाळ्यात हा वेग बराच वाढतो. उतरलेल्या बॅटरीतले सल्फेटचे स्फटिक सुरुवातीला बारीक असतात आणि चार्जिंगने सहज विरघळतात. महिनोन्‌महिने तसेच पडून राहिले तर ते मोठे आणि टणक होतात. मग पट्टीचा तेवढा भाग कामातून जातो. हा उपासमारीचा आजार झाला.

दुसरा आजार अजीर्णाचा. उपासमार टाळायची म्हणून साधा चार्जर लावून गाडी विसरली तर काय होते, याचा हिशोब फॅरडेच्या नियमांनी करता येतो. भरलेल्या बॅटरीतून एक अँपिअर-तास वीज गेली की प्रत्येक घटातले ०.३३६ ग्रॅम पाणी फुटते आणि सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. २४ व्होल्टच्या संचात १२ घट असतात. समजा, बॅटरी भरल्यावरही ४ अँपिअरची धारा दिवसभर वाहत राहिली. म्हणजे ९६ अँपिअर-तास झाले. प्रत्येक घटातले ३२ ग्रॅम पाणी गेले आणि बाराही घटांतून मिळून जवळपास ४८० लिटर हायड्रोजन बाहेर पडला, तोही एका दिवसात!

हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब, ३ मीटर उंच अशा पूर्ण बंद गॅरेजात ही पातळी गाठायला तीन दिवस लागतील असे गणित सांगते. पण हायड्रोजन हलका असतो. तो छपराखाली आधी साठतो, आणि बॅटरीच्या झाकलेल्या पेटीत तर काही मिनिटांतच धोक्याची पातळी येऊ शकते. लष्करी गाड्यांत बॅटऱ्या बहुधा अशाच पेटीत असतात. म्हणून चार्ज करताना पेटीचे झाकण आणि गॅरेजचे दार उघडे हवे. चार्जरचे चिमटे बॅटरीला आधी लावावेत आणि भिंतीवरचे बटण नंतर दाबावे. काढताना बटण आधी बंद करावे, चिमटे नंतर काढावेत. म्हणजे ठिणगी बॅटरीपाशी पडत नाही. आम्ल हाताळताना चष्मा आणि रबरी हातमोजे विसरू नयेत.

मग घ्यावा तरी कोणता?

आता बाजारात जायला हरकत नाही. जुन्या काळचा, फक्त ट्रान्सफॉर्मर आणि एकदिशकारक असलेला चार्जर स्वस्त असतो आणि मजबूतही. अगदी बसलेल्या बॅटरीलाही तो बिनतक्रार धारा देतो. पण मुख्य वीज वाढली की त्याचे विभवांतरही त्याच प्रमाणात वाढते. २३० व्होल्टच्या जागी १० टक्के जास्त आले तर २८.८ चे सुमारे ३१.७ होतात. शेजारी फेऱ्या मारणारा माणूस असेल तरच हा चार्जर वापरावा. रात्रभर लावून झोपण्यासाठी तो नाही.

दुसरा प्रकार तीन टप्प्यांत काम करणारा. पहिल्या टप्प्यात तो ठरावीक धारा देतो. विभवांतर ठरलेल्या उंचीवर पोहोचले की ते स्थिर धरून धारा उतरू देतो. शेवटी विभवांतर खाली आणून बॅटरी नुसती राखतो. पाणी टाकायच्या २४ व्होल्ट संचासाठी हे आकडे साधारण २८.८ आणि २७ च्या आसपास असतात. जुन्या चार्जिंग कामगाराची फेरी ती हीच, फक्त इलेक्ट्रॉनिक मंडलात बसवलेली. ताडपत्रीखालच्या गाडीला हाच प्रकार योग्य.

तरी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, बॅटरीची जात. पाणी टाकायची, जेलची आणि काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेली, अशा शिशाच्या बॅटऱ्यांना वरचे विभवांतर वेगवेगळे लागते. जेलला ते कमी चालते, आणि तिच्यातले वाया गेलेले पाणी परत भरता येत नाही. गाडी १९५० ची असली तरी तिच्यातली बॅटरी आजची असते. म्हणून बॅटरीच्या उत्पादकाने दिलेला आकडा प्रमाण मानावा.

दुसरी गोष्ट तापमान. दर अंशाला प्रत्येक घटामागे विभवांतर सुमारे ४ मिलिव्होल्टने बदलावे लागते. बारा घटांचे ४८ मिलिव्होल्ट. २५ अंशांना २८.८ व्होल्ट योग्य असतील, तर मराठवाडा-विदर्भातल्या ४२ अंशांच्या दुपारी २८ च पुरेत. थंड देशासाठी बनवलेला, तापमान न पाहणारा चार्जर आपल्या उन्हाळ्यात बॅटरी उकळवतो तो असा.

तिसरी गोष्ट धारा. १०० अँपिअर-तासांच्या पाणी टाकायच्या बॅटऱ्या भरायला १० अँपिअरच्या आसपासचा चार्जर बरा. भरलेल्या बॅटऱ्या राखायला १-२ अँपिअर पुष्कळ. पण त्याच लहान चार्जरने पूर्ण उतरलेला संच भरायला निघालो तर कित्येक दिवस जातात.

चौथी गोष्ट 'आपोआप ओळखणारा' चार्जर. ६, १२, २४ यांपैकी काय जोडले आहे हे तो विभवांतरावरून ताडतो. पूर्ण बसलेला २४ व्होल्टचा संच १३-१४ व्होल्टच दाखवत असेल, तर त्याला तो १२ व्होल्टची बॅटरी समजू शकतो. काही चार्जर तर इतके कमी विभवांतर पाहून काम सुरूच करत नाहीत. जुन्या गाडीसाठी व्होल्टचा आकडा हाताने निवडता येणारा चार्जर अधिक भरवशाचा. ६ व्होल्टच्या जीपला तर निवडीत ६ आहे ना, हे आधी पाहावे लागते. पुष्कळ नव्या चार्जरांत तो आकडाच नसतो.

चार्ज करताना गाडीचा मुख्य स्विच बंद ठेवावा, म्हणजे जुने वायरलेस संच आणि कटआउटची डबी चार्जरच्या चढउतारांपासून दूर राहतात. आणि चार्जर कितीही हुशार असला तरी महिन्यातून एकदा दोन्ही बॅटऱ्यांचे विभवांतर वेगवेगळे मोजावे. पाणी टाकायच्या बॅटरीत प्रत्येक घटाची घनता पाहावी आणि पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालावे.

वर्गात करून पाहण्याजोगे

सेलवर चालणाऱ्या विजेरीचे दोन सेल एकसर जोडा, एक नवा आणि एक वापरलेला. आधी दोघांचे मिळून विभवांतर मोजा आणि फळ्यावर लिहा. कोणता सेल चांगला आहे हे त्या एका आकड्यावरून सांगायला विद्यार्थ्यांना सांगा. मग दोन्ही वेगवेगळे मोजा. बल्ब लावून पुन्हा मोजा. फरक आणखी स्पष्ट होतो. हे सेल चार्ज करण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

महाराष्ट्रात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, लष्कराचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. सहल तिकडे गेलीच तर मुले तोफांच्या नळ्यांकडे आधी धावतील, ते स्वाभाविकच आहे. त्यांना एवढेच विचारावे : इंजिन बंद करून हा रणगाडा रात्रभर दबा धरून बसला असेल, तर आतला वायरलेस कशावर चालत असेल, आणि सकाळी इंजिन सुरू होईल याची काळजी कोण घेत असेल?